तीन नंबरच्या बेडवरचा किल्ला

वृषाली, बुधवारी मी पारोळ्याला तुमच्या दारावर, सांत्वनाला बसायला आले होते. ओट्यावर पंधरा-वीस बायका होत्या. त्यातली एक, तुझ्या नात्यातली कोणीतरी, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सुटली बिचारी." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! सुटली? तू सुटलीस? तुला ओढून नेलं. तू शेवटपर्यंत भांडत होतीस हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यातलं निम्मं भांडण माझ्याशीच चालू होतं.

तेवढ्यावर भागलं नाही. दुसरी म्हणाली, "दवाखान्यात बसून रक्त पिणाऱ्या भुताचे खेळ खेळायची म्हणे. कशाला असलं ओढवून घ्यायचं?" आता मात्र मला राहवेना. बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली बाई मी, माझा आवाज ओट्यावर मावत नाही. म्हटलं, "मावशी, तिथं आमचं रक्त नळीतून बाहेर काढतात, मशीनमध्ये धुतात आणि परत अंगात भरतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तेवढ्या वेळात आम्ही काय फुगड्या घालायच्या?" तुझी आई तेवढी हसली. रडता रडताच, पण हसली. मला तेवढं पुरलं.

तुझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची शिफ्ट. जळगावच्या आपल्या त्या डायलिसिसच्या हॉलमध्ये कोपऱ्यात चार बेड. एक नंबरला सावद्याचे आबा, दोन नंबरला मी, चार नंबरला दीपनगरचे पवारभाऊ. तीन नंबर रिकामा होता. बाहेर मे महिन्यातलं जळगाव भाजून निघत होतं आणि आत आम्ही तिघं गारव्यानं कुडकुडत, चादरी हनुवटीपर्यंत ओढून टीव्हीकडे बघत होतो. तू आलीस, सुया टोचून घेतल्यास, आईला फोन करून सगळं ठीक असल्याचं सांगितलंस, "हो माय, बठ्ठं बरं शे, तू जेवी ले" म्हणालीस, फोन ठेवलास आणि भिंतीकडे तोंड करून अर्धा तास रडलीस. मग डोळे पुसून उठून बसलीस आणि विचारलंस, "हा टीव्ही कोण बघतंय?"

कोणीच बघत नव्हतं. कोणी बंदही करत नव्हतं.

पुढच्या खेपेला तू एक कागद आणि एक फासा घेऊन आलीस. धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी, तेहतीस वर्षांची बाई, आणि आम्हाला म्हणते, आपण एक खेळ खेळू. पुण्यात शिकत असताना मैत्रिणींबरोबर खेळायचे. एक किल्ला आहे, त्यात रक्त पिणारा एक मालक राहतो, शेकडो वर्षं मेलेला नाही. आपण तिघा-चौघांनी त्या किल्ल्यावर चाल करून जायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. मी सांगणार समोर काय आहे, तुम्ही सांगायचं तुम्ही काय करता.

मी म्हटलं, "बाई, आमचं वय बघ."

तू म्हणालीस, "अक्का, मालकाचं वय बघ. तो खेळतोय ना?"

तुझे नियम एका पानात संपायचे, आणि ते तसे का, हे मला फार उशिरा कळलं. आमचा एक हात सुयांनी अडकलेला. मोकळ्या हातानं फासा टाकता येईल, पण पानं चाळता येणार नाहीत. तिसऱ्या तासाला बीपी उतरतं, पायात गोळे येतात, डोकं चालत नाही. म्हणून तू सगळं छाटून टाकलंस. प्रत्येकाला एक नाव, जमणारी एक गोष्ट आणि रक्ताचे तीन थेंब. पाच-सहा पडले तर काम फत्ते. तीन-चार पडले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. एक-दोन पडले की एक थेंब गेला. तिन्ही थेंब गेले की माणूस मेला, आणि मेलेला परत येत नाही. बास. फासा टाकायला सिस्टरनं स्टीलचा ट्रे दिला. तो इतका खणखणायचा की पलीकडचे पेशंट पहिले आठ दिवस तक्रार करत होते. नंतर ते विचारायला लागले, किती पडले?

तू म्हणालीस, तुम्हाला जे सध्या करता येत नाही ते तुमच्या माणसाला जमू दे. मला दिवसाला मोजून तेवढंच पाणी प्यायची परवानगी. बावीस वर्षं प्रत्येक स्टॅंडवर नळाला तोंड लावून पाणी प्यायलेली बाई, आता ओठ ओले करून दिवस काढते. म्हणून मी घेतली पाणी वाहणारी बाई, जी विहीर दिसली की घागर तोंडाला लावते. किल्ल्याच्या वाटेवर तू मुद्दाम विहिरी घालायचीस. मी घटाघटा प्यायचे आणि आपण चौघंही आवंढा गिळायचो. आबांचं तर विचारूच नकोस. आयुष्यभर केळी पिकवली, ट्रक भरभरून परमुलखात पाठवली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, केळं वर्ज्य. पोटॅशियम. सावद्याच्या माणसाला केळं वर्ज्य! त्यांचा माणूस हातात कोयता घेऊन निघाला आणि दर दाराशी बसून केळं खायला लागला. "आदी केयं खातो," आबा म्हणायचे, "मंग पाहू काय हाये आत." तू कधीही त्यांना घाई केली नाहीस. केळं कुठल्या जातीचं, किती पिकलेलं, साल कशी निघाली, सगळं ऐकून घ्यायचीस. मी मात्र चरफडायचे.

आणि ती चूक. ती चूक आठवली की मला अजून हसू येतं. किल्ल्याचा खंदक ओलांडायच्या आदल्या मुक्कामी आपला तंबू पडलेला होता. हा मालक न बोलावता कुणाच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाही, हे तू आम्हाला तीन वेळा बजावलं होतंस. पवारभाऊंनी तर पाठ केलं होतं. बॉयलरवर काम केलेला माणूस, प्रत्येक सूचना पाठ करणारा. तर तू म्हणालीस, तंबूच्या दारात एक म्हातारा उभा आहे. थकलेला आहे. काही बोलत नाही, नुसता उभा आहे.

आबा लगेच म्हणाले, "अहो, उभे का? या, बसा. च्या घ्या."

तू फासा खाली ठेवलास. "आबा, तुम्ही त्याला आत बोलावलंत."

"मंग काय दारात उभं ठेवू?" आबा खरोखर चिडले. "म्हतारा मानूस! घरी गेल्यावर आपल्यालेच बोल लागंन."

पवारभाऊंनी कपाळावर हात मारला. मी ओरडणार होते, पण खरं सांगते, माझ्याही तोंडात तेच शब्द आले होते, आबा फक्त आधी बोलले. दारात आलेल्याला 'या' म्हणायचं नाही, हे आपल्याकडे जमणारं कोणाला? तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की तुझ्या नळीवर ताण येऊन मशीन ओरडायला लागलं, सिस्टर धावत आली आणि आपल्या चौघांना शाळेतल्या पोरांसारखं झापून गेली. आणि पवारभाऊंच्या माणसाचा तिसरा थेंब त्या म्हाताऱ्यानं चहाबरोबर पिऊन टाकला.

पुढच्या खेपेला पवारभाऊ मेलेल्या माणसाचा जुळा भाऊ घेऊन आले. तेच नाव, पुढं फक्त 'धाकटा' लावलेलं. तो तू चालवून घेतलास! मी कडाडले. म्हटलं, नियम म्हणजे नियम, मी फुकट्या प्रवाशाला कधी सोडलं नाही. तू शांतपणे म्हणालीस, "अक्का, मेलेला परत येत नाही. पण गाडी रिकामी चालवायची असंही कुठं लिहिलेलं नाही." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मधला एक दिवस तसाही घरचाच असतो, पण मी मोजला तो.

आपलं खरं भांडण मात्र वेगळंच होतं आणि ते मिटलं नाही. मी तुला सारखी विचारायचे, हा मालक मरणार आहे की नाही? किल्ला जिंकता येतो की नाही? तू टाळायचीस. म्हणायचीस, धडक मारायची, बाकीचं बघू. मला ते पटायचंच नाही. ज्या गाडीला शेवटचा स्टॉप नाही, तिच्यात लोकांना बसवायचं कशाला? तिकीट कुठलं फाडायचं? एकदा मी चिडून म्हटलं, "तुला तो मारायचाच नाहीये. तू आम्हाला नुसतं खेळवतेस." तुझा चेहरा पडला. तू म्हणालीस, "अक्का, डॉक्टरनं तुला शेवटचा स्टॉप सांगितलाय का?" मी चिडून तोंड फिरवलं. उत्तर सुचलं नाही म्हणून चिडले होते, हे आता कबूल करते.

आणखी एक कबूल करायचंय. त्या पावसाळ्यात, आईची किडनी जुळत नाही असा रिपोर्ट आला त्या गुरुवारी, तू खेळाच्या मधेच विचारलंस, "अक्का, मी नसले तर माझा किल्ला कोण चालवेल?" मी म्हटलं, "फालतू बडबड करू नकोस. फासा टाक." तू टाकलास. दोन पडले.

मी "मी चालवीन" म्हणायला हवं होतं. दोन शब्द. आयुष्यभर गर्दीत ओरडून बोलले, आणि ते दोन शब्द निघाले नाहीत. वाटलं, तसं म्हटलं तर तू जाणार हे मान्य केल्यासारखं होईल. आता तू गेलीसच आहेस, तर माझं मान्य करणं आणि न करणं सारखंच. तरी मी मान्य करत नाही.

शनिवार ते मंगळवार ही आपली सगळ्यात लांब मजल. मधे दोन दिवस मशीन नाही. तू त्याच मजलेत गेलीस, रविवारी. शनिवारी आपण किल्ल्याच्या चौथ्या मजल्यावर, त्या लोखंडी दारापाशी पोचलो होतो. दारापलीकडे मालक आहे, एवढंच तू सांगितलंस आणि तेवढ्यात चार तास संपले.

मंगळवारी तीन नंबरवर धुतलेली चादर होती आणि चादरीत कुणी दुसरंच. मला राग तिचा आला, त्या चादरीचा. आबा चार तास छताकडे बघत राहिले. आणि गुरुवारी ते आलेच नाहीत. मुलाचा फोन सिस्टरला आला, की वडील नाही म्हणतात, गाडीत बसायलाच तयार नाहीत. आपल्या धंद्यात एक खेप चुकली तर माणूस सुजतो. दोन चुकल्या तर काय होतं ते मी तुला सांगायला नको.

सुया निघाल्या निघाल्या मी जिन्यात बसून आबांना फोन लावला.

"बाई, आता मले नाही यायचं," आबा म्हणाले. "माह्यं वय झालं. ती पोरगी गेली आन मी म्हतारा कशाले सुया टोचून घेऊ? मी तिच्या कथेसाठी येत होतो. ती अर्धी राह्यली ती राह्यली."

मी आयुष्यात खूप वाद घातले, पण त्या क्षणी माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. म्हणून मी खोटं बोलले. "आबा, कथा अर्धी नाही राहिली. वृषालीनं सगळं लिहून ठेवलंय. दाराआड काय आहे, मालक कसा मरतो, सगळं. वही माझ्याकडे आहे. शनिवारी या, वाचून दाखवते."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

वही कसली? बुधवारी तुझ्या आईनं तुझी कॉलेजची बॅग माझ्यापुढे ठेवली होती. मीच मागितली होती. आत तो एक कागद, तो फासा, खडूचा तुकडा आणि गोळ्यांची पाकिटं. मालकाबद्दल एक ओळ नाही. मी बॅग उलटी करून झटकली, अस्तर चाचपलं. तुझी आई म्हणाली, "काय शोधी राह्यनी बहीण?" तिला काय सांगू? सगळा किल्ला तू डोक्यात घेऊन फिरत होतीस आणि डोक्यासकट घेऊन गेलीस. मला तुझा इतका राग आला, इतका राग आला, आणि मग तिथंच, तुझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले. जी बाई धीर द्यायला गेली होती तिला तुझ्या आईनं पाणी दिलं. मी मोजून दोन घोट घेतले.

शुक्रवारी मी दिवसभर लिहायला बसले. रेघांची वही, निळं पेन. मला लिहिता येतं ते वेबिल, फेरीच्या तिकिटांचा हिशेब. दाराआड काय आहे याची चार पानं लिहिली आणि चारही फाडली. मी लिहिलेला मालक डेपो मॅनेजरसारखा बोलत होता.

शनिवारी आबा आले.

मुलाच्या खांद्याला धरून, पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, पण आले. वजन वाढलेलं बघून सिस्टर ओरडली. आबांनी तिला ओरडू दिलं. सुया टोचल्या, मशीन फिरायला लागलं. पवारभाऊंनी ट्रे माझ्या मांडीवर सरकवला. मी वहीचा कोरा कागद तोंडासमोर धरला, घसा साफ केला आणि वाचायला लागले, "चौथ्या मजल्यावर लोखंडी दार..."

"बाई," आबा म्हणाले, "तो कागद ठेव खाली."

मी वाचत राहिले.

"ठेव म्हनलं. त्या पोरीनं एक अक्षर लिहेल नव्हतं. मले माहीत हाये. त्या शनिवारी मीच तिले इचारलं होतं, दाराआड काय हाये? तर म्हने, आबा, मलेच माहीत नाही. तुम्ही दार उघडाल तव्हा ठरवू."

बावीस वर्षांत मला कोणी असं पकडलं नव्हतं. मी म्हटलं, "मग माहीत होतं तर आलात कशाला?"

आबा चादर नीट करत बसले. मग म्हणाले, "तू तिकिटाच्या रुपयासाठी लोकांशी भांडनारी बाई. तू मह्यासाठी खोटं बोलली. म्हनलं, जाऊन पाहू. आता सांग, दाराआड काय हाये?"

आणि वृषाली, मी सांगितलं. कागद न बघता, तोंडाला येईल ते. म्हटलं, दार उघडंच आहे. आत तो बसलाय, आपल्याकडे पाठ करून. त्याला आपली पावलं ऐकू आलीत, पण तो उठत नाहीये. कारण त्याला वाटतंय, आपल्यातलं एक माणूस त्यानं नेलं, म्हणजे बाकीचे आता येणार नाहीत. बाकीचे खाली मान घालून आपापल्या घरी गेले असतील.

"असं वाटतं का त्याले?" आबा म्हणाले.

"हो."

"मस्ती आली त्याले."

पवारभाऊंच्या धाकट्यानं दार अडवलं. मी घागर मालकाच्या पायाशी फोडली. आबांनी या वेळी केळं खाल्लं नाही. कोयता उचलला आणि मोकळ्या हातानं फासा टाकला. ट्रे असा खणखणला की अख्खा हॉल वळून बघायला लागला. सहा. वृषाली, सहा पडले! पलीकडच्या बेडवरून कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी ओरडले, "आबा, मान तुमच्या कोयत्याखाली आहे. उडवा! शेवटचा स्टॉप आला!"

मला तो मरायला हवा होता. तुझ्यासाठी, आणि आपल्या भांडणात मी जिंकावं म्हणूनही, खोटं कशाला बोलू.

आबा फाशाकडे बघत बसले. मशीनमध्ये त्यांचं लालभडक रक्त फिरत होतं. मग म्हणाले, "आज नको मारू त्याले."

"आबा, सहा पडलेत!"

"पडले ना? मंग ते कुठी जातात? कोयता मानेवर राहू दे. मंगयवारी मारू."

"मंगळवारी मारायचा तर मंगळवारी यावं लागेल," मी म्हटलं.

"मंग येतो ना. असं अर्ध्यावर सोडून कोन जातं?"

बोलले आणि त्यांची नजर तीन नंबरकडे गेली. माझीही गेली. पवारभाऊंनी मान वळवली.

तू जिंकलीस असं समजू नकोस. आपलं भांडण मी अजून सोडलेलं नाही, आणि तो मालक माझ्याच हातून मरणार आहे, मंगळवारी नाही तर गुरुवारी. पण आज रविवार. तुला नेलं तोच वार, त्याच लांब मजलेतला. सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. शेवटी दहा वाजता सावद्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली.

मग आबांनी उचलला. "जित्ता हाये," म्हणाले. "ठेव फोन."